करंगळीला धग दिली की पायाळू बाळ फिरतं? जरा थांबा

खानापूर निपाणीकडच्या ग्रुपात मेसेज फिरायलाय बघा, पायाच्या करंगळीला उदबत्तीची धग द्या, पायाळू बाळ ३ दिवसात फिरतं आणि सिझर टळतं. हे अर्धवट आहे.

मूळ पद्धत चीनची, मॉक्सिबस्शन म्हणतात. तिथं उदबत्ती नसते, दवण्याच्या जातीतल्या एका झाडाच्या सुक्या पानांची कांडी पेटवून करंगळीच्या नखाच्या बाहेरच्या कोपऱ्याजवळ धरतात, कातडीला न टेकवता. १९९८ साली चीनमधल्या, बाळ पायाळू असलेल्या २६० पहिलटकरणींवरचा अभ्यास छापून आला, धग दिलेल्यांत ३५व्या आठवड्याला बघितलं तर साधारण ७५ टक्के बाळं डोक्याकडून होती, न दिलेल्यांत ४८. म्हणजे काहीच न करता पण जवळजवळ निम्मी फिरली की! ते मेसेजमधे कोण सांगत नाही. आणि सिझर कमी होतं असं नंतरच्या अभ्यासांतनं नीट दिसलेलं नाही.

गरोदरपणात पायाला बधिरपणा, सूज असू शकते, मग भाजलेलं कळत पण नाही, म्हणून घरात उदबत्ती घेऊन बसू नका गं बायांनो. ३६ आठवडे झाले तरी बाळ पायाळूच असेल तर डॉक्टरांना विचारा, पोटावरनं हातानं बाळ फिरवता येतं, पण ते दवाखान्यातच, घरी कुणाकडनं पोट चोळून घेऊ नका.