ब्रेकच्या किटला ‘पूर्ण’ म्हणताना लाज कशी वाटत नाही?

तीन आठवडे झाले, माझा १९६९ सालचा शेवरोले सी-१० पिकअप ट्रक गॅरेजात जॅक स्टँडवर उभा आहे. पुढची चाकं काढलेली, खाली ब्रेक ऑइल ठिबकायला ट्रे ठेवलेले. आणि पुढचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवायचं किट विकणारा माणूस मला फोनवर चौथ्यांदा सांगत होता, “सर, परत एकदा ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून बघा.” अरे, किती वेळा काढू? ऑइलच्या तीन बाटल्या संपल्या, तरी पेडल स्पंजसारखं खाली जात होतं!

ड्रम काढायचं ठरवलं ते हौस म्हणून नाही. इथे मिशिगनमध्ये चांगला पाऊस लागला की पुढचे ड्रम भिजतात आणि ब्रेक दाबला की ट्रक एका अंगाला ओढतो. शेजारी मुलगी बसलेली असताना भर चौकात असं झालं, त्या दिवशी पुरे म्हटलं. यात नवा शोध लावायचा नव्हता. शेवरोलेनेच १९७१ पासून या ट्रकला पुढे डिस्क दिल्या. लोक कित्येक वर्षं ७१ नंतरचे स्पिंडल (ज्यावर चाक फिरतं तो भाग), डिस्क आणि डिस्कला चिमटीत धरणारे कॅलिपर जुन्या ट्रकला बसवत आलेत. भंगारातून मीही एकेक भाग जमवला असता. पण किटवर लिहिलं होतं: पूर्ण किट, काहीही कापाकापी नाही, एका दिवसाचं काम. म्हणून जास्तीचे पैसे मोजले.

पहिल्याच संध्याकाळी कळलं की ७१ नंतरच्या स्पिंडलला स्टिअरिंगशी जोडणाऱ्या टाय रॉडची टोकंही त्याच काळातली लागतात. ती खोक्यात नाहीत. का नाहीत? “ती वेगळी मागवावी लागतात.” मग ‘पूर्ण’ कशाला छापलं?

त्यानंतर कॅलिपर. दोन्ही डाव्या बाजूचे! फोन केला तर म्हणे दोन्ही सारखेच असतात, बसवून टाका. सारखे नसतात हो! हवा वर चढते, म्हणून हवा काढायचं निपल वरच्या टोकाला असावं लागतं. डावा कॅलिपर उजवीकडे लावला की निपल खाली जातं आणि हवा वर कोंडून बसते. मग वर्षभर पेडल मारत बसा, ती निघणार नाही. शेवटी मीच तो कॅलिपर सोडवला, डिस्कला दाबणाऱ्या पॅडच्या मध्ये लाकडाचा ठोकळा घातला, निपल वर करून धरलं आणि बायकोला पेडल दाबायला सांगितलं. भसाभस बुडबुडे आले. पेडल दगडासारखं कडक झालं. जे रोज हे विकतात त्यांना हे माहीत नसावं?

पण खरा संताप आला तो माहितीपत्रक नीट वाचल्यावर. त्यात लिहिलंय की पुढच्या-मागच्या ब्रेकना दाब वाटून देणारा जुना पितळी ठोकळा तसाच ठेवा. तो ठोकळा चारही ड्रमसाठीचा आहे! ड्रममध्ये फिरतं चाक शूला, म्हणजे आतून घासणाऱ्या पट्टीला, स्वतःच आत ओढून आवळतं, म्हणून कमी दाबात भागतं. डिस्कला ती मदत नाही, तिला जास्त दाब लागतो, म्हणून तर पायाचा जोर वाढवणारा बूस्टर दिलाय. तोच वाढलेला दाब मागच्या ड्रमला जशाच्या तसा गेला तर काय होईल? रिकाम्या पिकअपच्या मागे वजन असतं किती? जोरात ब्रेक मारला की भार पुढे येतो, मागची चाकं आधी जाम होतात आणि ट्रकची शेपूट गर्रकन फिरते. ओल्या रस्त्यावर तर सरळ समोरच्या गाडीत. हे होऊ नये म्हणूनच मागचा दाब आवरणारा कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह लागतो. मूठभर आकाराची वस्तू, किटच्या मानाने किंमत काहीच नाही, आणि नेमकी तीच गाळली.

हे विचारलं तर उत्तर मिळालं, “बहुतेक गिऱ्हाइकांना काही अडचण येत नाही.” बहुतेक? हा रेडिओ आहे का, नाही वाजला तर नाही वाजला म्हणायला? शनिवारी रात्री पत्रकावर भरवसा ठेवून नट आवळणारा आणि रविवारी पोरांना घेऊन बाहेर पडणारा माणूस त्यांना दिसतच नाही का?

व्हॉल्व्ह मी दुसरीकडून मागवलाय, टाय रॉडची टोकंही. पण उजव्या कॅलिपरसाठी एक पैसा देणार नाही. तो त्यांनीच पाठवायचा, आणि याच आठवड्यात पाठवायचा.