बाईंना अपवाद म्हणू नका

आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाई ऐंशीच्या झाल्या. बडोद्यातले जुने विद्यार्थी मिळून त्यांचा सत्कार करणार आहेत. मानपत्राचा मसुदा ग्रुपवर आला, त्यात पहिलीच ओळ होती, 'एक अपवादात्मक शिक्षिका'. त्यावर पुण्यात स्थायिक झालेल्या एका वर्गमित्रानं लिहिलं, "असलं मराठी बडोद्यातच सुचू शकतं." मग एक आठवडा जुंपली. एक बाजू म्हणते, भाषा बदलते, शब्द कळतोय ना, मग झालं. दुसरी बाजू बडोद्याला शिकवायला निघालीय. मी हे सगळं इथे स्टुटगार्टला, सकाळी एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, फायहिंगन स्टेशन येईपर्यंत वाचते आणि तापलेल्या डोक्यानं ऑफिसात शिरते.

आधी पुण्याबद्दल. 'अपवादात्मक' हा शब्द बडोद्याच्या दांडिया बाजारात जन्मलेला नाही. 'अपवादात्मक परिस्थितीत' हे महाराष्ट्रातल्या सरकारी कागदांत आणि वर्तमानपत्रांत नेहमी दिसतं, तिथूनच तो आमच्याकडे आला. आणि शब्दांची काळजी आम्हाला कुणी शिकवू नये. याच गावात १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशी चार वेळा साहित्य संमेलनं भरली. याच गावातून १९३१ साली 'सयाजी शासन शब्दकल्पतरू' निघाला. राज्यकारभारातल्या एकेका शब्दाला आठ भाषांमध्ये काय म्हणायचं, हे सयाजीराव महाराजांनी बसून ठरवून घेतलं होतं. स्टुटगार्टच्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत मी अजूनही एकाच भाषेतले फॉर्म भरते, तेव्हा मला तो ग्रंथ हटकून आठवतो.

पण शब्द चुकलाय, हेही खरं. अपवाद म्हणजे नियमातून वगळलेला. व्याकरणात उत्सर्ग म्हणजे सर्वसाधारण नियम आणि अपवाद म्हणजे त्याला जिथे मुरड पडते ती जागा. त्यात चांगलंही नाही, वाईटही नाही. वर्गातलं सगळ्यात उनाड पोरही अपवादच. शिवाय संस्कृतात अपवादाचा दुसरा अर्थ निंदा. लोकापवाद हा शब्द आपण अजून वापरतो, सीतेची गोष्ट सांगताना हमखास. तोच शब्द बाईंच्या मानपत्रात कसा चालेल? जर्मनमध्ये असामान्य गुणाच्या माणसाला अपवाद जोडूनच नावाजतात, 'आउसनामे-टालेंट' म्हणतात. पण ते त्यांचं. आपल्याला कशाला?

आपल्याकडे शब्दांचा तोटा आहे का? अपूर्व, अद्वितीय, असाधारण, असामान्य, अलौकिक, अनुपम. सगळ्यांच्या तोंडी 'अ' आहे, हे मला इथे आल्यावर, भाषा नव्यानं शिकताना लक्षात आलं. आधी साधारण काय ते डोळ्यांसमोर आणायचं आणि मग हे तसं नाही म्हणायचं. माउलींनी तर 'अलौकिका नोहावें लोकांप्रति' असं बजावूनच ठेवलंय. जाणत्यानं चारचौघांत वेगळं होऊन बसू नये, वाट धरून चालावं म्हणजे बाकीचे मागून येतील. माझे आजोबा ही ओवी आम्हाला बक्षीस मिळालं की म्हणायचे, एरवी नाही. आणि घरात, ओट्यावर, सुरसागर तलावाच्या काठी आम्ही काय म्हणायचो? नामी. फर्मास. अफलातून. हा अफलातून म्हणजे ग्रीकांचा प्लेटो, अरबी-फारसीतून फिरत आलेला. आमचे गुजराती शेजारीही चांगल्या उंधियोला तेच म्हणतात.

इथे स्तुती मोजून मापून होते. श्वाबेन, म्हणजे या भागातल्या लोकांची म्हणच आहे, ओरडलो नाही म्हणजे कौतुक झालं. पहिली नोकरी सोडताना मला त्साइगनिस, म्हणजे कामाचं प्रशस्तिपत्र, मिळालं, त्यात लिहिलं होतं की माझ्या कामानं त्यांचं 'पूर्ण समाधान' झालं. मी त्याच रात्री बडोद्याला फोन केला. बाबांनी ते वाक्य मराठीत लिहून घेतलं, शेजाऱ्यांना वाचून दाखवलं, पेढे वाटले. वर्षभरानं एका सहकारी बाईंनी समजावलं की 'पूर्ण समाधान' म्हणजे मधली श्रेणी, जेमतेम ठीक. वरच्या श्रेणीला 'नेहमी' लागतं, आणि सगळ्यात वरच्या श्रेणीला 'नेहमी'सोबत 'पूर्णतम' लागतं. पूर्णाला तम कसा लागेल, हे व्याकरणात बसत नाही, पण तो असावाच लागतो. २०१४ साली त्यांच्या सर्वोच्च कामगार न्यायालयानंही नुसतं 'पूर्ण' म्हणजे मध्यमच, असा निकाल दिला. मी बाबांना हे कधी सांगितलं नाही. ते गेले. तो कागद त्यांच्या कपाटात घडी करून ठेवलेला होता.

एका शब्दावरून मी इतकी का चिडते, असं आईनं विचारलं. कारण आयुष्यभर माझी स्तुती अपवाद म्हणूनच झालीय. पुण्यात लग्नकार्यात, "बडोद्याची असून मराठी किती छान!" इथे जिन्यात, माझी केअरवोखे, म्हणजे जिना झाडायची पाळी, नीट झाली की खालच्या आजी म्हणतात, "तुम्ही बाकीच्यांसारख्या नाही." दोन्ही वेळा मी हसून धन्यवाद दिले, आणि दोन्ही वेळा माझ्या माणसांची निंदा ऐकून घेतली. वीस वर्षं इथे राहिले, तिथे माझी खोली आता भाच्याची झाली. दोन्हीकडे मी वगळलेलीच.

आणि बाईंनी कधी कुणाला वगळलं नाही. सयाजीरावांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्या गावाच्या बाई शोभायच्या त्या. वर्गात अर्धी मुलं रस्त्यावर गुजराती बोलणारी, चांदणं म्हणताना चंद्रातला 'च' काढायची. बाई एकेकाच्या बाकापाशी वाकायच्या, आपल्या दातांमागे जीभ टेकवून दाखवायच्या, मुलानं बरोबर म्हटलं की खडूनं भरलेला अंगठा त्याच्या कपाळाला टेकवायच्या. तास संपेपर्यंत आमची सगळ्यांची कपाळं पांढरी व्हायची.

मी मंडळींना 'अजोड' सुचवलाय. ज्याला जोड नाही असा. मराठीतही तोच, गुजरातीतही तोच, बाईंच्या शेजाऱ्यांनाही वाचता येईल. अजून कुणाचं उत्तर नाही.

काल मुलीला समोर बसवून चांदणं म्हणायला लावलं. तिला पहिल्याच झटक्यात जमलं, कारण जर्मन दहा, 'त्सेन', तिथूनच निघतो. बाईंना लगेच फोन करून सांगावंसं वाटलं. तिकडे मध्यरात्र होऊन गेली होती.