संशोधन मराठीत छापा, आणि ते जगाला सापडेल असं छापा

चीनमध्ये डुकरांना बर्ड फ्लूच्या विषाणूची लागण झाल्याचं तिथल्या संशोधकांनी छापलं होतं. २००४ मधली ही गोष्ट. पण छापलं चिनी नियतकालिकांत, त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेसह बाहेरच्या कुणाचंच सुरुवातीला तिकडे लक्ष गेलं नाही. तात्सुया अमानो या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी २०१६ च्या लेखात या प्रसंगाची आठवण करून दिलीय. जैवविविधता संवर्धनावर २०१४ या एका वर्षात निघालेलं ७५,५१३ इतकं वैज्ञानिक लेखन त्यांनी तपासलं. त्यातलं ३५.६ टक्के इंग्रजीत नव्हतं. म्हणजे संशोधन इतर भाषांत होतंय, ते शोधणाऱ्याला सापडत नाही एवढंच.

यावर लॅटिन अमेरिकेनं उपाय केला. ब्राझीलमध्ये साओ पावलो राज्याच्या संशोधन निधी संस्थेनं १९९७ मध्ये 'सिएलो' हा ऑनलाइन नियतकालिकांचा प्रकल्प हाती घेतला. लेख पोर्तुगीज किंवा स्पॅनिशमध्ये, सोबत इंग्रजी गोषवारा, वाचायला सगळ्यांना मोफत. मेक्सिकोतल्या एका सार्वजनिक विद्यापीठानं 'रेडालिक' हे असंच मोफत व्यासपीठ उभं केलं. पुढे दक्षिण आफ्रिकाही सिएलोत आली. हे सगळं सार्वजनिक पैशातून उभं राहिलं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे परंपरा नाही असं कुणी म्हणू नये. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चं आहे. मराठ्यांच्या इतिहासावर गंभीर काम करायचं असेल तर परदेशी अभ्यासकालाही मराठी शिकावीच लागते, कारण कागद मराठीत आहेत आणि त्यांवरची चर्चाही मोठ्या प्रमाणावर मराठीत झालीय.

पण ही चर्चा आज इंटरनेटवर शोधून बघा. आपल्या कितीतरी नियतकालिकांचे अंक युनिकोड (सगळ्या संगणकांना सारखीच कळणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फाँटांत जुळवले गेले. पीडीएफ डोळ्यांना छान दिसते, पण सर्चमध्ये 'दुष्काळ' टाइप केलं तर त्यातलं एक अक्षर सापडत नाही. जुने अंक तर नुसते स्कॅन, पानांचे फोटोच म्हणा. लेखाला डीओआय (कायमचा डिजिटल ओळख क्रमांक) नाही, इंग्रजी गोषवारा नाही, लेखकाचं नाव रोमन लिपीत कुठेच नाही. ऊसतोड कामगारांवर कुणी मराठीत उत्तम लेख लिहिला, तरी पुढच्या संशोधकासाठी तो नसल्यातच जमा. आणि याला संपादक जबाबदार नाहीत. बहुतेक जण पदरमोड करून अंक काढतात, त्यांनी आणखी किती करायचं?

दुसरा प्रश्न प्राध्यापकांच्या पदोन्नतीचा, कारण तिथे छापलेले लेख मोजले जातात. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०२५ मध्ये 'केअर' ही मान्य नियतकालिकांची यादी बंद केली. नियतकालिकांचे निकष ठरवणं आता विद्यापीठांच्या हातात आलंय. मला यात संधी दिसते, आणि भीतीही वाटते. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं मराठीतही आहेत. मराठीची बाजू घेताना त्यांना पाठीशी घालायचं कारण नाही. लेख खरोखर दोन जाणकारांनी तपासला का, हे बघा. तपासला असेल, तर त्याला इंग्रजी लेखाइतकेच गुण द्या.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी मिळून एक सामायिक सर्व्हर चालवावा. ओपन जर्नल सिस्टिम्स ही ऑनलाइन नियतकालिकं चालवण्याची प्रणाली मोफत आहे, आणि तिच्यात एकाच लेखाचं शीर्षक आणि गोषवारा अनेक भाषांत देता येतो. जुने अंक युनिकोडमध्ये आणण्याचा आणि डीओआयचा खर्च राज्य सरकारनं उचलावा. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला. त्या नावानं येणाऱ्या निधीतला पहिला हप्ता या कामाला द्यावा, अशी माझी मागणी आहे.