नायगारा बघायला जा, एम.एस. करून या

मे-जून आला की मला एक तरी फोन येतोच. "अरे, आमचा धाकटा आलाय तिकडे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला मावशीकडे, विझिटर व्हिसावर. म्हटलं आता गेलाच आहे तर तिथूनच एम.एस.ला टाकून देऊ. व्हिसा दहा वर्षांचा आहे ना त्याचा, ताईच्या डिलिव्हरीच्या वेळी सगळ्या घराने काढला होता." पूर्वी मी अशा लोकांना तासतासभर समजवायचो. मग ते "बरं बरं" म्हणायचे आणि फोन ठेवून दुसऱ्या कुणाला तरी लावायचे, जो "काही होत नाही रे" म्हणेल. म्हणून मी आता समजावणं सोडलंय, सरळ सल्ला देतो. तुम्हीही घ्या, फुकट आहे. या अख्ख्या प्रकरणात फुकट एवढंच आहे.

सुरुवात बॅगेपासून करा. वर बाकरवडी, त्याखाली गोडा मसाला, मेतकूट, मावशीची पैठणी, आणि पैठणीच्या घडीत नीट झाकून विद्यापीठाची सीलबंद ट्रान्स्क्रिप्टची पाच पाकिटं, जीआरईचा स्कोअर, दोन प्रोफेसरांची शिफारसपत्रं, बाबांच्या एफडीच्या पावत्या आणि सीएने सही-शिक्का मारून दिलेलं नेटवर्थचं सर्टिफिकेट. नायगाराचं असंच आहे हो, आठ सेमिस्टरचे मार्क दाखवल्याशिवाय पाणी पडत नाही. मग नेवार्कला उतरलात की खिडकीतला ऑफिसर विचारेल, कशासाठी आलात, तुम्ही छाती काढून सांगा, मावशीला भेटायला आणि नायगारा बघायला, तीन आठवडे. बॅग उघडायला लावतात ती सहसा मसाल्याच्या वासाने, पण एकदा उघडली की पाकीटही बाहेर येतं. तर घाबरू नका, विमानात वाचायला घेतलं होतं म्हणा. तिथल्या तिथे व्हिसा रद्द करून परतीच्या विमानात बसवायचे अधिकार त्या माणसाला असतात, पण तुमचा चेहरा निरागस आहे ना, मग झालं.

आता दहा वर्षांचं. व्हिसा म्हणजे लग्नाची पत्रिका. ती आली म्हणून तुम्ही मांडवात किती दिवस मुक्काम ठोकायचा हे पत्रिका ठरवत नाही, ते यजमान ठरवतो, आणि इथल्या यजमानाच्या चिठ्ठीला आय-९४ म्हणतात. ती हल्ली कागदावर मिळतही नाही, वेबसाइटवर जाऊन पासपोर्ट नंबर टाकून बघावी लागते, तिथे मुक्कामाची शेवटची तारीख असते, साधारण सहा महिन्यांनंतरची. अर्थात ती बघायची काही गरज नाही. दहा वर्षं म्हणजे दहा वर्षं, काय समजलात.

एडिसनच्या प्रत्येक मराठी घरात एक काका असतो. तो नव्वदच्या दशकात एच-१वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आला, त्याचं ग्रीन कार्ड झालं, आणि तेव्हापासून इमिग्रेशन कायदा त्याला विचारूनच बदलतो असा त्याचा समज आहे. ओक ट्री रोडवर चहा पिता पिता काका सांगेल की सोपं आहे, बी-२चं, म्हणजे विझिटरचं, एफ-१, म्हणजे स्टुडंट, करून घ्यायचं, चेंज ऑफ स्टेटस, फॉर्म आय-५३९, ऑनलाइन भरला तर ४२० डॉलर, त्याआधी कॉलेजकडून आय-२०, म्हणजे प्रवेश दिल्याचा कागद, मागवायचा, सेव्हिसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे, ३५० डॉलर भरायचे, संपलं. गंमत म्हणजे काका चुकीचं काहीच बोलत नाही. रस्ता कायदेशीर आहे, फॉर्म खरा आहे, लोकांचं होतंही. आपण फक्त काका जिथे थांबतो तिथून पुढचं बघू.

पुढे येतं ते पत्र. फॉर्मबरोबर एक पत्र जोडायचं असतं, की बाबा रे, तू आलास नायगारा बघायला, मग तुला शिकायची बुद्धी कधी आणि कशी झाली, आणि हे तू भारतातूनच का नाही केलंस. हे पत्र लिहायला रात्री अकराला मावशीच्या डायनिंग टेबलवर बसा, बाजूला भांडी घासायचं मशीन घुर्रघुर्र करत असतं, वातावरण चांगलं असतं. पहिला मसुदा सगळ्यांचा एकच असतो: येताना मनात काहीच नव्हतं, पण प्रिन्स्टनचा कॅम्पस बघितला, ती दगडी इमारत, त्या खारी, ते पुस्तक घेऊन गवतावर पडलेले विद्यार्थी, आणि आतून काहीतरी हललं. छान आहे. आता तारखा टाका. उतरलात १२ मेला. प्रिन्स्टन बघितलं १७ला. कॉलेजला अर्ज केलात १९ला, चपळ आहात. जीआरई दिलीत फेब्रुवारीत. ट्रान्स्क्रिप्टच्या पाकिटावर विद्यापीठाचा गोल शिक्का, एप्रिलचा. म्हणजे प्रिन्स्टनच्या खारींनी तुम्हाला आतून हलवलं ते तीन महिने आधी, पुण्यात, रिक्षात बसलेले असताना. तुम्ही काहीही लिहा, शिक्क्याला मराठी येत नाही, इंग्रजी येत नाही, त्याला फक्त तारीख येते.

इथे काका परत मदतीला येतो. "नाइन्टी डे रूल आहे, नव्वद दिवस गप्प बस, एक्याण्णवाव्या दिवशी टाक." हा नियम म्हणजे परराष्ट्र खात्याच्या व्हिसा अधिकाऱ्यांच्या मॅन्युअलमधली एक गोष्ट आहे, २०१७पासूनची: आल्यापासून नव्वद दिवसांच्या आत तुम्ही सांगितल्याच्या उलट काही केलंत, तर तुम्ही खोटं बोलूनच आलात असं ते धरून चालू शकतात. यावरून आपल्या लोकांनी काढलेला अर्थ असा की एक्याण्णवाव्या दिवशी खोटं आपोआप खरं होतं, लोणचं मुरल्यासारखं. तसं कुठेही लिहिलेलं नाही, पण तुम्ही थांबा. मेचे नव्वद दिवस म्हणजे ऑगस्ट, आणि ऑगस्टच्या शेवटी कॉलेज सुरू, म्हणजे तुमचं सेमिस्टर अर्ज टाकायच्या आधीच गेलं, पण नियम तर पाळला!

अर्ज टाकलात की खरी मजा. तोवर तुम्ही विझिटरच असता. वर्गात बसायचं नाही, मंजुरीच्या आधी कोर्सला जाऊन बसलात तर त्याच कारणाने अर्ज बाद. नोकरी नाही, ओळखीच्या ग्रोसरीत "नुसतं काउंटरवर उभं राहायचंय" हेसुद्धा नाही. आणि देश सोडायचा नाही, सोडला की अर्ज तुम्हीच सोडून दिला असं धरतात. यातून नायगाराही सुटत नाही बरं का, तो अमेरिकेच्याच बाजूने बघायचा, रेनबो ब्रिज ओलांडून कॅनडाच्या बाजूचा तो फेमस व्ह्यू बघायला गेलात की धबधब्याबरोबर अर्जही खाली. तर मग दिवसभर करायचं काय, तर मावशीच्या बेसमेंटमधून वर यायचं, पोस्टाची पेटी उघडायची, त्यात पिझ्झ्याची कुपनं बघायची आणि परत खाली जायचं. बायोमेट्रिक्सचं, म्हणजे बोटांचे ठसे द्यायला या असं पत्र येईल म्हणून कुठे लांब जायचीही सोय नाही. कॉलेजवाले मेल करतात की आय-२०ची तारीख पुढच्या टर्मला ढकलू का, तुम्ही हो म्हणता, मग परत ढकलतात. पैसे जास्त झाले असतील तर प्रीमियम प्रोसेसिंग आहे, जवळपास दोन हजार डॉलर, तीस कामकाजाच्या दिवसांत काहीतरी उत्तर देतात, पण ते तीस दिवस मोजायला सुरुवात होते बायोमेट्रिक्स झाल्यावर. आणि उत्तर "नाही" आलं आणि आय-९४ची तारीख उलटून गेलेली असली, तर त्यानंतरचा प्रत्येक दिवस बेकायदा मुक्काम म्हणून मोजला जातो, १८०च्या वर गेलात की एकदा बाहेर पडल्यावर तीन वर्षं दार बंद. हे काका सांगत नाही कारण त्या वेळी तो पार्किंग शोधत असतो.

बरं, लोक हे का करतात तेही मला कळतं. मुंबईत बीकेसीच्या अमेरिकन कॉन्सुलेटचा स्लॉट मिळवणं काय सुखाचा संसार नाही, २०२५च्या मे-जूनमध्ये तर जवळपास तीन आठवडे विद्यार्थ्यांना नवीन अपॉइंटमेंट देणंच बंद ठेवलं होतं, आणि सुरू झालं तेव्हा अट आली की सोशल मीडियाची अकाउंटं पब्लिक करा. म्हणजे तुमचे गोव्याचे फोटो आता परराष्ट्र खातं बघणार. त्या रांगेपेक्षा मावशीचं बेसमेंट बरं वाटणारच. आणि खरं तर सरळ वाटही आहे: विझिटर व्हिसा काढतानाच सांगायचं की मी कॉलेजं बघायला चाललोय, पसंत पडलं तर तिथूनच बदलून घेईन, ऑफिसरला पटलं तर व्हिसावर 'प्रॉस्पेक्टिव्ह स्टुडंट' अशी नोंद करतात. पण त्यात खरं बोलावं लागतं, आणि आपल्या घरात व्हिसाच्या खिडकीवर खरं बोलणं म्हणजे अपशकुन.

समजा, झालं एकदाचं मंजूर. पेढे वाटा. पण वाटता वाटता एक लक्षात घ्या की बदललं ते स्टेटस, व्हिसा नव्हे. पासपोर्टात अजून तोच विझिटरवाला चिकटलेला आहे. म्हणजे पहिल्यांदा घरी आलात, दादाचं लग्न म्हणा, आजी आजारी म्हणा, की परत जायला त्याच बीकेसीच्या खिडकीसमोर उभं राहून एफ-१ मागायचा, आणि आतला माणूस स्क्रीनवर बघून विचारणार, मागच्या वेळी तुम्ही तीन आठवड्यांसाठी गेला होतात ना? पूर्वी लोक मेक्सिकोला जाऊन पासपोर्टावर नव्या व्हिसाचं स्टॅम्पिंग करून यायचे, सप्टेंबर २०२५पासून सांगितलंय की आपापल्या देशातच अर्ज करा. त्यापेक्षा येऊच नका. लग्न झूमवर बघा, अक्षता मावशीच्या कार्पेटवर टाका, नंतर व्हॅक्यूम करून घ्या.

मला फोन करणाऱ्या एका घरातल्या धाकट्याने हे सगळं पद्धतशीर केलं. त्यांच्या समोरच्या बिल्डिंगमधली मुलगी त्याच सुमारास पुण्यातून सरळ अर्ज करत होती, १८५ डॉलर व्हिसाची फी, तेच ३५० सेव्हिसचे, पहाटे तीनला उठून स्लॉट, बीकेसीला दोन मिनिटांचा इंटरव्ह्यू. ऑगस्टमध्ये तिचं कॉलेज सुरू झालं. थँक्सगिव्हिंगला मावशीने तिलाही जेवायला बोलावलं, काका आणि धाकटा तिला मेट्रोपार्क स्टेशनवरून घेऊन आले. जेवताना ती असाइनमेंटबद्दल कुरकुरत होती, सोमवारी सबमिट करायचीये, लायब्ररीत जॉब आहे आठवड्याला वीस तास, झोपच होत नाही वगैरे. धाकटा मसालेभात वाढून घेत होता. तिने सहज विचारलं, "तुझं काय?"

"पेंडिंग आहे."

"आणि नायगारा? कसा होता?"

धाकटा काकाकडे बघायला लागला. काकाने ताटातली मिरची बाजूला काढली.

"जाऊ की," काका म्हणाला, "बायोमेट्रिक्सचं पत्र आलं की जाऊ."