बुंध्याभोवतीचं काँक्रीट आधी काढा

झाडांमुळे शहरातला उकाडा कमी होतो, हे अगदी खरं. पण हा गारवा नुसत्या सावलीचा नसतो. पानांतून पाण्याची वाफ होऊन बाहेर पडते, त्यात हवेतली उष्णता खर्च होते. मुळांना पाणी मिळालं नाही तर हे कामच मंदावतं, आणि आपलं घोडं तिथेच अडलंय. फूटपाथ करताना काँक्रीट, पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवतात. मुळं गुदमरतात, बुंधा जाड होताना साल काचते, जखमेतून बुरशी शिरते. मग पावसाळ्यात झाड कोसळलं की दोष झाडाला!

राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीत झाडांभोवतीचं १ मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. सोसायट्यांनीही पालिकेच्या उद्यान विभागाला कळवून हे करावं. काँक्रीट फोडायचं ब्रेकर मशीन मात्र नको, छिन्नी-हातोडीने फोडा. जाड मुळं अजिबात तोडू नका, झाडाचा तोल त्यांच्यावरच असतो. मोकळ्या मातीवर पालापाचोळ्याचा ५ ते ७ सेंटीमीटर थर द्या, पण खोडापासून चार बोटं लांब. खोडाला ओला कचरा किंवा माती टेकली की साल कुजते. खिळे आणि लाइटच्या माळांच्या ताराही त्याच वेळी काढून टाका.