मामा, ह्यात मराठी चालत नाही

काल रात्रीपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. लांबलंय, कंटाळा आला तर सोडा.

भाचा तेरा वर्षांचा. बेळगावच्या शहापुरात आमच्या माडीवर मोबाईलवर टीम करून गेम खेळत होता. टीममधला एक पोरगा खानापूरचा, एक गोकाकचा कन्नड. आजी झोपलेली, म्हणून माईक बंद. ह्यानं घाईघाईनं चॅटमध्ये लिहिलं, ‘मागं आहे, पळ’. उमटले नुसते रिकामे चौकोन. खानापूरचा मेला. मी म्हटलं, काय करूलालास रे? मान वर न करता म्हणतो, “मामा, ह्यात मराठी चालत नाही.”

बेळगावात हे वाक्य कुणी ऐकलं नाही सांगा. काउंटरवर ऐकलंय, फॉर्म भरताना ऐकलंय. आता बारक्या पोराच्या तोंडून, तेही तक्रार म्हणून नाही, ‘पाऊस पडतोय’ म्हणावं तसं.

चालत नाही म्हणे! युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना ठरलेला आकडा देणारी पद्धत, तिची पहिली आवृत्ती १९९१ ची. देवनागरी तिच्यात होती, कन्नडही होती. चौकोन दिसतात म्हणजे अक्षर पोचलंय, ते काढायला फॉन्ट नाही एवढंच. गूगलचे नोटो नावाचे फॉन्ट फुकट मिळतात, देवनागरीचा एक साधा फॉन्ट एक एमबीसुद्धा भरत नाही. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसणारा तो पिवळा गोळा मात्र झकास दिसतो.

बरं, नुसता फॉन्ट घालून भागत नाही, मान्य. दुसऱ्या एका गेममध्ये अक्षरं येतात, पण ऱ्हस्व वेलांटी साठवताना अक्षरानंतर असते आणि काढताना आधी काढायची, हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही. ‘दिसला’ लिहा, ‘दसिला’ दिसतं. जोडाक्षरांचे तर हातपाय वेगळे. पण ह्यालाही अक्षरं नीट जुळवून देणारं हार्फबझ नावाचं सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट. चॅटमधल्या शिव्या गाळायला प्रत्येक भाषेची यादी लागते, हेही खरं. पण रोमनमधल्या मराठी शिव्या कोण गाळतंय?

आणि “रोमनमध्ये लिही की” म्हणणाऱ्यांनो, के-ए-एल म्हणजे काल, कळ की काळ?

एक सांगायचं राहिलं. ह्याचे चौकोन बघून गोकाकच्या पोरानं कन्नडमध्ये काहीतरी पाठवलं. तेही चौकोन! पाट्यांवर कुणाचं अक्षर किती मोठं, ह्यावर भांडण्यात आपली हयात गेली आणि इथं दोघांचे चौकोन एका मापाचे. मग डाव संपेपर्यंत दोघं एकमेकांना चौकोनच पाठवत बसले. मला हसू आलं नाही. खरं सांगू? थोडं आलं.

आत्ता परत माडीवर डोकावलो. पोरगं खेळतंय. चॅटमध्ये इंग्रजी लिहितंय, स्पेलिंग चुकीचं, पण भराभर.