झाकण कोणी काढले?

या जानेवारीत, संक्रांत उलटून गेली होती तरी सोलापूरच्या होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, अजून भरलेला होता, तेव्हा आमच्या पुतणीचा साखरपुडा विजापूर रस्त्यावरच्या एका मोकळ्या लॉनवर झाला. मांडव तीन बाजूंनी बांधलेला आणि चौथ्या बाजूने उघडा होता, आणि वारा नेमका त्याच बाजूने येत होता. साडेसात वाजता जेवण मांडले गेले. सत्कार, शाली, नारळ आणि दोन्हीकडच्या ज्येष्ठांची मनोगते आटोपेपर्यंत नऊ वाजले. आमच्याकडे शुभकार्याला खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे गोड खीर, असते. माझ्या ताटात ती पडली तेव्हा तिच्यावर सोडलेले तूप कडेने पांढरे धरू लागले होते. शेजारी बसलेल्या आत्याबाईंनी बोटाने ते तूप बाजूला सारले आणि काहीही न बोलता फक्त कडक भाकरी आणि शेंगा चटणी मागवली. त्यांचे न बोलणे मला जास्त लागले, कारण स्वयंपाक उत्तम झाला होता. आचाऱ्याच्या कामात काडीचीही उणीव नव्हती.

मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आहे, त्यामुळे त्या रात्री चिडण्याबरोबरच मी निरीक्षणही केले. मेजावरच्या आठही भांड्यांची झाकणे उघडून मागे टेकवून ठेवलेली होती. वाढायला उभ्या असलेल्या मुलाला मी कारण विचारले, तर तो म्हणाला, "मावशी, झाकण ठेवलं तर आत काय हाय ते मानसाला दिसंना की!" त्याचे म्हणणे त्याच्या जागी खरे होते. पण पदार्थाचे नाव लिहिलेली हातभर पाटी पुढे लावली असती, तर तेवढ्यासाठी दीड तास भांडी उघडी टाकावी लागली नसती.

उघड्या भांड्यातील गरम पदार्थाची उष्णता मुख्यतः वाफेवाटे जाते, ही गोष्ट आपण सगळे शाळेत शिकतो आणि मांडवात विसरतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता लागते आणि ती मागे राहिलेल्या पदार्थातूनच काढून घेतली जाते. पन्नास लिटर आमटीच्या पातेल्यातून लिटरभर पाणी वाफ होऊन उडाले, तर केवळ तेवढ्यानेच उरलेली आमटी दहा-अकरा अंशांनी उतरते. वारा असेल तर पृष्ठभागावर साचलेली दमट हवा तो सतत हटवत राहतो आणि वाफ होण्याचा वेग वाढतो. म्हणून उघड्यावरच्या जेवणात झाकण हे भांड्याची शोभा नसून निम्मे इंधन आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडच्या बाजार आमटीवर तेलाचा जो जाड तवंग असतो, तो चवीबरोबर झाकणाचेही काम करतो, कारण तेलाच्या थराखालच्या पाण्याला वाफ होऊन निसटायला वाट मिळत नाही. त्या रात्री ताटातली सर्वांत गरम गोष्ट तर्रीची आमटी होती आणि सर्वांत गार गोष्ट भात होता, यात मला नवल वाटले नाही. भात सुटा आणि मोकळा, भांडे उथळ आणि पसरट, आणि वर वारा.

आता त्या चकचकीत चेफिंग डिशबद्दल. खाली पाण्याचा ट्रे, त्यात बसवलेले अन्नाचे भांडे आणि ट्रेखाली जेलच्या इंधनाची डबी अशी तिची रचना असते. गरम अन्न गरम राखण्यासाठी ती बनवलेली आहे, गार अन्न तापवण्यासाठी नाही. ट्रेमध्ये पाणी उकळते ओतायचे असते, आणि तेही अन्न येण्याआधी. आमच्या मांडवात मुलांनी ते नळाचे ओतले होते, त्यामुळे त्या इवल्याशा ज्योतीची सारी कमाई ते पाणी कोमट करण्यातच खर्ची पडली. त्यातल्या तीन ज्योती वाऱ्याने विझल्या होत्या आणि ते कोणाच्याही लक्षात आले नव्हते, कारण अशा इंधनाची ज्योत फिकट निळी असते आणि उजेडात जवळजवळ दिसत नाही. याच कारणाने दुसरा आणि अधिक गंभीर धोकाही उद्भवतो. डबी विझली आहे असे समजून कोणी तिच्यात वरून स्पिरिट ओतायला गेले, तर हातातल्या बाटलीपर्यंत भडका उडू शकतो. डबी बदलायची तर ती पूर्ण विझवून, थंड होऊ देऊन बदलावी. वाऱ्याच्या बाजूने पत्र्याचा किंवा जाड पुठ्ठ्याचा आडोसा ज्योतीपासून दूर, मेजाच्या कडेला उभा करावा.

जेवण गार होणे ही केवळ चवीची तक्रार असती, तर मी एवढे लांबलचक लिहिले नसते. शिजवलेले अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवावे, असे अन्नसुरक्षेचे नियम सांगतात, आणि त्यामागे ठोस कारण आहे. काही जिवाणूंचे बीजाणू उकळण्यातूनही वाचतात. भातात बॅसिलस सीरियस नावाचा जिवाणू असतो. भात तासन्‌तास कोमट राहिला की तो वाढतो आणि असे विष तयार करतो, जे भात पुन्हा गरम केला तरी नष्ट होत नाही. डाळीच्या आणि मटणाच्या मोठ्या पातेल्यांत क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स असतो. त्याला हवा नको असते, आणि पातेल्याच्या तळाशी ती नसतेच. त्याला सर्वांत मानवणारे तापमान ४३ ते ४७ अंशांच्या आसपासचे आहे आणि त्या तापमानात तो साधारण दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. रात्री जेवलेल्या माणसाचे पोट दुसऱ्या दिवशी बिघडते, तेव्हा तो सकाळच्या चहाला दोष देतो.

येथे सोलापूरकरांनी थोडे थांबून विचार करावा, असे मला वाटते. आपली समजूत अशी की गार होण्याची चिंता हिवाळ्यातच करायची, मे महिन्यात हवेलाच आच असते. पण मे महिन्यातल्या दुपारी मांडवातला पारा ४२-४३ वर जातो, तेव्हा झाकण उघडे असलेले अन्न ६० च्या खाली येऊन त्या जिवाणूला हवे असलेल्या तापमानाशी येऊन थांबते आणि तिथेच रेंगाळते. थंडीच्या रात्री अन्न निदान तो टप्पा लवकर ओलांडते. म्हणून उन्हाळ्यातल्या दुपारच्या पंगतीची काळजी मला जानेवारीतल्या रात्रीपेक्षा अधिक वाटते. बाहेरची हवा ३२ अंशांच्या वर असेल, तर आचेवरून उतरलेले अन्न तासाभरात संपवावे, हा संकेत आपल्या गावाला उन्हाळ्यात बहुतेक दुपारी लागू पडतो.

जुन्या पंगतीत ही अडचण कमी येत असे, आणि त्याचे श्रेय मी भांड्यांना नाही, वाढण्याच्या रीतीला देते. मोठे पातेले चुलाणावर किंवा निखाऱ्यांवर मागे झाकलेले राहायचे आणि वाढपी त्यातून एकेक बादली भरून पंगतीत न्यायचे. बादली दहा मिनिटांत रिकामी होऊन परत यायची. घरच्या चुलीलाही वैल, म्हणजे बाजूचे मंद आचेचे तोंड, असायचा, आणि मुख्य चुलीवरून उतरवलेली आमटी वैलावर सरकवली की ती न करपता गरम राहायची. आजही बुफे मांडायचा असेल तर पुढे लहान भांडी ठेवावीत आणि मागच्या आचेवरून ती वारंवार बदलावीत. गार होत आलेल्या पदार्थावर ताजा पदार्थ ओतून भांडे भरलेले दाखवण्याची जी सवय पडली आहे, ती मला सर्वांत आक्षेपार्ह वाटते, कारण त्याने जुने गरम होत नाही, नवे मात्र कोमट होते.

आच नेता येत नाही अशा ठिकाणी, उदाहरणार्थ शेतातल्या हुरडा पार्टीला, मी स्वतः एक घरगुती उपाय करते. हुरड्याची चिंता नसते. आगटीतून काढलेले कणीस तिथल्या तिथे चोळून हातावर मिळते, त्याला वाट पाहणे ठाऊकच नाही. प्रश्न सोबतच्या पिठल्याचा आणि आमटीचा असतो. मी पातेले काठोकाठ भरते, कारण अर्धे भरलेले भांडे लवकर निवते. ते उकळते असतानाच झाकण घट्ट बांधते आणि कडब्याची कोरडी कुट्टी भरलेल्या पोत्यात मधोमध पुरून वरून जुनी सोलापुरी चादर दुहेरी गुंडाळते. चादरीच्या जाड विणीत आणि कुट्टीत हवा अडकून राहते, आणि अडकलेल्या हवेतून उष्णता फार सावकाश बाहेर पडते. चादर मात्र कोरडी हवी, ओली झाली की तिचा उपयोग संपतो. गेल्या हुरड्याला मंगळवेढ्याकडच्या शेतात दोन तासांनी पातेले उघडले, तेव्हा माझ्या तापमापकाने आमटी ७४ अंश दाखवली. जाऊबाईंनी त्या तापमापकाची यथेच्छ थट्टा केली आणि नंतर तोच मागून नेला.

पोळ्यांच्या कॅसरोलला हा नियम अर्धाच लागू होतो. तो आधी उकळत्या पाण्याने तापवून, पुसून घ्यावा, पण तळाशी आणि वर सुती फडके ठेवावे, नाहीतर वाफेचे पाणी होऊन पोळ्या चिकटतात. बाकी, सगळेच पदार्थ गरम असायला हवेत हा हट्टही मला पटत नाही. कडक भाकरी, शेंगा चटणी, धपाटे, दही आणि शेंगा पोळी यांना आच लागत नाही, म्हणून तर ते आपल्याकडे प्रवासाला आणि यात्रेला बांधून नेले जातात. भात, आमटी आणि एखादी भाजी एवढेच गरम ठेवायचे ठरवले, तर तेवढे नीट सांभाळता येते. बारा पदार्थ गरम ठेवायला गेले की बाराही कोमट होतात.

पुतणीचे लग्न मे महिन्यात आहे, मुहूर्त दुपारचा. आचाऱ्यांशी माझे बोलणे झाले आहे, पदार्थांच्या पाट्या मी स्वतः लिहिणार आहे, आणि सत्कार जेवणानंतर होतील हे दोन्ही घरांकडून कबूल करून घेतले आहे. त्यातले शेवटचे काम सर्वांत अवघड गेले. आत्याबाईंचा या तयारीवर अजून विश्वास बसलेला नाही, त्या घरून भाकरीचा डबा आणणार आहेत.